दुधनीपलीकडचे डिझेल

२०२२ च्या जानेवारीतील गोष्ट. मैंदर्गीहून दुधनीकडे जाताना वाटेत आमची मोटारसायकल पंक्चर झाली. जवळपास दुकान नव्हते. ऊन चढले होते. तेवढ्यात ओळखीचा एक टेम्पोवाला मागून आला, त्याने गाडी थांबवली आणि आमची मोटारसायकल पोत्यांच्या कडेला दोरीने बांधून आम्हांस शेजारी बसवून घेतले. टेम्पोत नव्या तुरीची पोती होती. ती दुधनीच्या बाजार समितीत उतरवायची होती. एस. टी. कामगारांचा संप तेव्हा चालू होता. नोव्हेंबरपासून तालुक्यातल्या बहुतेक गाड्या बंद होत्या, म्हणून पोत्यांवर चार-पाच माणसेही बसली होती. त्यांत एक म्हातारी होती; दवाखान्यात निघालेली.

थोडे अंतर गेल्यावर तो म्हणाला, "फादर, एक इचारू का? माल उतरवला की मी तसाच फुडं कर्नाटकात जातो आन् टाकी भरून येतो. तिकडं डिझेल सस्त हाय. आपल्या सरकारचा कर बुडतोय म्हनतात. हे पाप हाय का ओ?"

आम्ही तत्काळ उत्तर दिले, "नाही रे, ह्यात पाप कसले?" तो हसला आणि विषय संपला. त्याच्या मनात तरी संपला असावा. आमच्या मनात मात्र तो प्रश्न त्या दिवसापासून राहिला आहे. कारण उत्तर बरोबर असूनही ते पुरेसे नव्हते हे आमच्या तेव्हाच ध्यानात आले होते. आणि दुसरे कारण असे की त्या हिवाळ्यात आम्ही स्वतःही दोन वेळा दुधनी ओलांडून पेट्रोल भरून आलो होतो. ते आम्ही त्याला सांगितले नाही.

प्रथम त्या दिवसांतील व्यवहार वाचकांपुढे मांडावयास हवा. ४ नोव्हेंबर २०२१ रोजी, ऐन दिवाळीत, केंद्र सरकारने पेट्रोलवरील अबकारी कर लिटरमागे ५ रुपयांनी आणि डिझेलवरील १० रुपयांनी उतरवला. कर्नाटक सरकारने त्यात आपल्या विक्रीकरातील प्रत्येकी ७ रुपयांची भर घातली. महाराष्ट्राने तेव्हा आपला कर कमी केला नाही. परिणामी मुंबईत पेट्रोल १०९ रुपये ९८ पैसे, तर बंगळूरला १०० रुपये ५८ पैसे. डिझेलमध्येही नऊ रुपयांहून अधिक अंतर. मुंबई आणि बंगळूर ह्यांच्यातील हे अंतर तेथील माणसाला केवळ वर्तमानपत्रातील आकडा वाटेल. अक्कलकोट तालुक्यात तो आकडा रस्त्यावर उभा असतो. दुधनी संपली की थोड्याच अंतरावर अफझलपूर तालुका, म्हणजे कर्नाटक. इकडे घराघरांत कानडी बोलली जाते, तिकडे मराठी समजते, सोयरिकी दोन्हीकडे, अक्कलकोटच्या स्वामींना येणारा यात्रेकरू ह्याच वाटेने गाणगापूरला जातो. जी सीमा भाषेला, देवाला आणि लग्नाला आडवी आली नाही, ती डिझेलच्या दरात मात्र ठळकपणे दिसू लागली.

आमचा टेम्पोवाला चाळीस लिटर भरी. त्याचे साडेतीनशे रुपये वाचत. त्याला दुधनीस जावेच लागे, त्यामुळे पुढचा फेरा लहानसाच. परंतु मैंदर्गी आणि अक्कलकोटकडील कित्येक गाड्या केवळ टाकी भरण्यासाठी रिकाम्या जात आणि येत. जाण्यायेण्यात दीड-दोन लिटर जळत. डिझेलचे पैसे वाचवावयाचे म्हणून डिझेल जाळावयाचे, असा तो उफराटा व्यवहार होता. ज्या कराच्या समर्थनार्थ आज जगभर असे सांगितले जाते, की त्यामुळे माणसे इंधन कमी जाळतील, त्याच कराने येथे ते अधिक जाळावयास लावले. दोष कर असण्याचा नव्हता, शेजाऱ्याशी न जुळणारा कर असण्याचा होता. परंतु धुराला हा भेद कळत नाही.

आता पापाचा प्रश्न. गुरुविद्यालयात असताना नीतिशास्त्राच्या तासाला आम्हांस एक जुना वाद शिकवला गेला होता. काही मध्ययुगोत्तर पंडितांचे म्हणणे असे, की जकात आणि कर ह्यांविषयीचे पुष्कळसे कायदे हे केवळ दंडात्मक असतात. म्हणजे सापडलात तर दंड भरावा. न सापडलात तर सदसद्विवेकाला टोचणी लावून घेण्याचे कारण नाही. हे मत ऐकून वर्गात हशा पिकल्याचे आठवते. आमचे प्राध्यापक मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "ज्या देशात राजा कर घेऊन प्रजेला काही देत नव्हता, त्या देशात हे मत जन्मले." इतकी वर्षे झाली, ते वाक्य विसरलो नाही.

टेम्पोवाल्याच्या बाबतीत ह्या वादाची गरजच नव्हती. तो कर चुकवीत नव्हता. कर्नाटकाचा कर भरीत होता आणि केंद्राचाही भरीत होता. भारताच्या नागरिकाने भारतातच, पावती घेऊन केलेली ती खरेदी होती. कायदा मोडलेला नाही, फसवणूक नाही, तेव्हा पाप नाही. परंतु त्याच्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न होता. हा कर आपण देणे लागतो काय? आणि लागत असलो तर कोणाचे?

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी 'सुम्मा थिऑलॉजिया' ह्या ग्रंथात कायदा न्याय्य केव्हा होतो ह्याचा विचार केला आहे. त्याचा हेतू सर्वांचे हित हा असावा. ज्याने तो केला त्याला तसा अधिकार असावा. आणि त्याने लादलेले ओझे लोकांवर योग्य प्रमाणात वाटलेले असावे. अधिकाराविषयी येथे वाद नाही. पेट्रोल आणि डिझेल २०१७ मध्ये आलेल्या वस्तू व सेवा कराच्या बाहेर ठेवले गेले. राज्यांच्या हाती ठरवण्याजोगे जे थोडे कर उरले त्यांत हा मोठा, म्हणून कोणत्याही पक्षाचे सरकार असो, त्याला तो सोडवत नाही. प्रश्न उरतो तो हेतूचा आणि प्रमाणाचा.

हेतूविषयी एक चांगली बाजू आहे, ती आधी सांगावी. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू ह्यांनी १९२० साली असे दाखवून दिले, की एखाद्याच्या व्यवहाराने तिसऱ्याच माणसाचे नुकसान होत असेल आणि ते नुकसान वस्तूच्या किमतीत धरलेले नसेल, तर ती किंमत खोटी असते. कर लावून ती खरी करता येते. एक लिटर डिझेल जाळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पेट्रोलचा सुमारे २.३ किलो. ह्या वायूची किंमत पंपावर कोणी मागत नाही. ती कोणीतरी दुसरा, बहुधा पुढे केव्हातरी, भरतो. पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी २००९ मध्ये 'कारितास इन वेरिताते' ह्या परिपत्रकात आणि पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी'मध्ये हाच विचार नीतीच्या भाषेत मांडला: सर्वांच्या मालकीची साधनसंपत्ती वापरताना येणारा खर्च उघडपणे मान्य केला जावा आणि ज्याने वापरली त्यानेच तो पुरता सोसावा, भावी पिढ्यांवर किंवा दुसऱ्या लोकांवर तो ढकलू नये. 'उघडपणे' ह्या शब्दाकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

तो दुसरा, जो किंमत भरतो, कोण आहे? अक्कलकोट तालुक्यात त्याला शोधावयास फार लांब जावे लागत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये येथे जो पाऊस झाला तो कित्येकांना अजून आठवतो. बोरी नदी फुगली, कुरनूर धरणातून पाणी सोडावे लागले, काठावरच्या गावांत काढणीला आलेले पीक आणि मातीही वाहून गेली. त्या वेळचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे सांगवी खुर्दला येऊन गेले. हा तोच तालुका, ज्याची ओळख अवर्षणप्रवण अशी आहे. एका पावसाचे खापर थेट धुरावर फोडता येत नाही, आणि कोणी फोडू नये. परंतु हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते, हे भौतिकशास्त्र आहे. असे ढग फुटतात तेव्हा ते चार महिन्यांचे पाणी चार दिवसांत ओततात आणि मग दोन महिने फिरकत नाहीत. कोरडवाहू तूर आणि ज्वारी घेणारा शेतकरी, ज्याच्या दाराशी ट्रॅक्टरही नाही, तो ह्या धुराची किंमत भरत आला आहे. त्याला पावती मिळत नाही, एवढेच.

तेव्हा इंधनावर कर असावा, हे आम्हांस मान्य आहे. 'गरिबांची दया येते म्हणून इंधन स्वस्त ठेवा' असे म्हणणारे पुष्कळदा सर्वांत गरिबाला विसरतात; कारण त्याच्याकडे जाळावयास गाडीच नाही आणि सोसावयास मात्र शेत आहे. पेट्रोलवरचा कर मुख्यतः ज्यांच्याकडे वाहन आहे त्यांच्याकडून येतो. डिझेलचे तसे नाही. ते भाजीच्या जुडीत, सिमेंटच्या गोणीत, एस. टी. च्या तिकिटात शिरते आणि शेवटी त्या पोत्यांवर बसलेल्या म्हातारीपर्यंत पोहोचते. हा भेद राज्यकर्त्यांना कळत नाही असे नाही. डिझेलवरील दर पेट्रोलपेक्षा कमी ठेवण्यामागे तो विचार आहेच.

पण घेतलेला कर जातो कोठे? कालिदासाने 'रघुवंशा'त दिलीप राजाच्या करवसुलीला सूर्याची उपमा दिली आहे. सूर्य पाणी शोषतो ते हजारपटींनी परत देण्यासाठी. अवर्षणाच्या मुलुखात ही उपमा कवीला वाटली असेल त्याहून अधिक खरी वाटते. येथे सूर्य शोषतो हे रोज दिसते. परत काय येते, इकडेच सर्वांचे डोळे लागलेले असतात.

महाराष्ट्रापुरते एक उदाहरण देतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये, दुष्काळ पडला असता, राज्याने पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागे २ रुपयांचा अधिभार लावला. दुष्काळ निवारणासाठी, असे सांगून लावला. आम्ही तेव्हा प्रवचनातून त्याचे समर्थन केले होते. शेजारच्या लातूरला पुढच्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, अशा दिवसांत दोन रुपयांची कुरकुर करणे आम्हांस शोभले नसते. २०१६ च्या पावसाने दुष्काळ ओसरला. अधिभार ओसरला नाही, वाढत गेला. एप्रिल २०१७ मध्ये पेट्रोलवरील अधिभार ६ रुपयांवरून ९ रुपये झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गांलगतची दारूची दुकाने बंद झाली होती, तेथील बुडालेला महसूल भरून काढण्यासाठी ही वाढ असल्याचे वर्तमानपत्रांत छापून आले. दुष्काळासाठी उघडलेल्या दारातून दारूची तूट आत आली! पुढे कपाती झाल्या, जुलै २०२२ मध्ये राज्याने पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपये कमीही केले. परंतु ज्या दिवशी आम्ही ती बातमी वाचली त्या दिवशी आमच्या प्राध्यापकांचे ते वाक्य पुन्हा आठवले.

केंद्राची कथाही फार निराळी नाही. २०२० मध्ये महामारीने जग थांबले, कच्च्या तेलाचे भाव कोसळले, तेव्हा स्वस्ताई पंपापर्यंत पोहोचू न देता मार्च आणि मे महिन्यांत अबकारी कर वाढवला गेला. पेट्रोलवर तो लिटरमागे ३२ रुपये ९८ पैसे आणि डिझेलवर ३१ रुपये ८३ पैसे इतका झाला. २०१४ मध्ये डिझेलवर तो ३ रुपये ५६ पैसे होता. महामारीत सरकारला पैसा हवा होता, धान्य वाटावयाचे होते, हे मान्य. पण मग तसे म्हणावे. त्याला निसर्गरक्षणाचे नाव नंतर कोणी देऊ नये.

प्रमाणाचा प्रश्न ह्याहून अवघड आहे, आणि आमच्या मते येथेच अन्याय मोठा आहे.

सोलापूरहून होटगीच्या बाजूला गेले की फताटेवाडीच्या वीजकेंद्राची धुराडी दुरून दिसतात. प्रत्येकी ६६० मेगावॉटचे दोन संच, एकूण १३२० मेगावॉट. दुसरा संच २०१९ मध्ये व्यापारी तत्त्वावर चालू झाला. तेथे कोळसा जळतो. कोळशावर २०१० साली केंद्राने टनामागे ५० रुपये उपकर लावला. तो शंभर, दोनशे असे करीत २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. त्याचे नाव आधी स्वच्छ ऊर्जा उपकर आणि नंतर स्वच्छ पर्यावरण उपकर असे होते. नाव सुंदर होते, कल्पनाही सुंदर होती. कोळशावर असा उपकर लावणारा भारत हा ह्या बाबतीत पुष्कळ देशांच्या पुढे होता.

आता एक साधा हिशेब करू. एक टन कोळसा जाळला की ढोबळमानाने दीड टन कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे ४०० रुपयांच्या उपकराप्रमाणे एक टन धुरामागे पावणेतीनशेच्या आत. मे २०२२ ते एप्रिल २०२५ ह्या काळात डिझेलवर केंद्राचा अबकारी कर लिटरमागे १५ रुपये ८० पैसे होता. त्या हिशेबाने एक टन धुरामागे पाच हजार आठशे रुपयांच्या घरात, आणि राज्याचा कर निराळा. टेम्पोवाल्याच्या धुराला वीजकेंद्राच्या धुराच्या वीसपट दर! कोणी म्हणेल, टेम्पोवाला रस्ताही वापरतो आणि त्या करात रस्त्यांचा उपकर धरलेला असतो. हे योग्य आहे. निम्मा कर रस्त्याच्या नावे टाका; तरी दहापट उरतो. कोळशाच्या राखेचा आणि खाणीभोवतीच्या उजाड जमिनीचा हिशेब तर आम्ही धरलेलाच नाही.

असे का होते? कोळशावर कर वाढवला की वीज महागते, यंत्रमागावर चादर आणि टॉवेल विणणाऱ्या सोलापूरच्या कारागिराला ते जड जाते, हे खरे कारण आहे. त्याच्यासाठी आमचा जीव तुटतो. पण तेच कारण टेम्पोवाल्याच्या बाबतीत कोणी सांगत नाही. कोळशाच्या मागे वीज मंडळे, खाणी, रेल्वेचे भाडे, कारखानदारांच्या संघटना उभ्या आहेत. डिझेल विकत घेणारा एकेकटा असतो, रोख देतो, आज नाही तर उद्या भरीन म्हणून त्याला थांबता येत नाही. जो पळू शकत नाही त्याच्यावर कर बसवणे सोपे, ही राजनीतीतील जुनी युक्ती आहे. पळावयास त्याला जागा होती ती दुधनीपलीकडचीच.

आणि त्या सुंदर नावाच्या उपकराचे काय झाले? २०१०-११ पासून २०१७-१८ पर्यंत त्यातून सुमारे ८६ हजार ४४० कोटी रुपये गोळा झाले. ज्या राष्ट्रीय निधीसाठी तो होता त्यात गेले सुमारे २९ हजार ६४५ कोटी. त्यांतून प्रत्यक्ष प्रकल्पांना मिळाले सोळा हजार कोटींहून थोडे कमी. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर राज्यांच्या महसुलाची तूट भरून काढण्याच्या उपकरात विलीन झाला. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही गेला. कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला, तरी बहुतेक देशी कोळशावरचा एकूण भार उतरलाच. शिवाय टक्केवारीचा कर किमतीवर बसतो, धुरावर नव्हे. स्वस्त आणि राखेने भरलेल्या कोळशाला तो कमी पडतो. ज्या महिन्यात सीनेला पूर येऊन सोलापूर जिल्ह्यातील गावेच्या गावे पाण्याखाली गेली, त्याच महिन्यात हे घडले. दोन्हींचा संबंध जोडणे अतिशयोक्तीचे होईल. पण दोन्ही बातम्या आम्ही एकाच आठवड्यात वाचल्या.

येथे परदेशांची साक्ष थोडक्यात काढतो, कारण 'असा कर कोठेच चालत नाही' असे म्हणणारेही भेटतात. स्वीडनने १९९१ साली कार्बनवर कर बसवला आणि त्याच वेळी उत्पन्नावरील कर उतरवला. तो देश त्यानंतर गरीब झाला नाही आणि त्याचा धूर कमी झाला. उलट फ्रान्समध्ये २०१८ च्या नोव्हेंबरात पिवळी जाकिटे घातलेले लोक चौकाचौकांत उतरले. ते बहुतांशी खेड्यांतले आणि लहान गावांतले, ज्यांना गाडीवाचून कामावर जाता येत नाही असे. पॅरिसमधील मेट्रोने जाणाऱ्याने ठरवलेला कर आम्ही का भरावा, हा त्यांचा सवाल होता. सरकारने जानेवारीतील करवाढ मागे घेतली. कॅनडाने तर गोळा केलेला बहुतेक पैसा घरोघरी परत पाठवला, तरीही लोकांचा रोष गेला नाही आणि १ एप्रिल २०२५ पासून सामान्य ग्राहकांवरील तो कर उठवावा लागला. परत आलेला पैसा बँकेत मुकाट्याने जमा होत होता. कर मात्र पंपावर दर आठवड्याला दिसत होता.

मैंदर्गीच्या माणसाला मेट्रो नको आहे. त्याला वेळेवर येणारी एस. टी. हवी आहे. कर वाढवून आपण त्याला सांगतो, 'स्वतःची गाडी सोड.' सोडून त्याने बसावयाचे कशात? २०२१-२२ च्या त्या संपात पाच महिने त्याला पर्यायच नव्हता. जो होता तो आमच्या टेम्पोवाल्याचा टेम्पो. एरवीही एस. टी. ची गाडी जे डिझेल पिते त्यावर कर भरावा लागतोच, म्हणजे चाळीस माणसांना एकत्र नेणाऱ्या गाडीला आणि एकट्या माणसाच्या आलिशान मोटारीला डिझेलचा कर एकच! आम्हांस अर्थशास्त्रातले फार कळत नाही, पण ही गोष्ट कळावयास अर्थशास्त्र लागत नाही. मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात स्त्रियांना एस. टी. चे अर्धे तिकीट झाले, जून २०२३ पासून कर्नाटकात त्यांना राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास मिळाला. कर्नाटकाने जून २०२४ मध्ये इंधनावरील कर वाढवला तेव्हा 'फुकट योजनांसाठी लुटतात' अशी टीका झाली. त्या टीकेत तथ्य असेलही. पण पेट्रोलचा पैसा बसच्या तिकिटात जात असेल तर तो दारूच्या तुटीत जाण्यापेक्षा आम्हांस शतपटीने बरा वाटतो. गाडी जाळणाऱ्याकडून घेऊन बसमध्ये बसणारीला देणे, हीच तर ह्या कराची खरी रीत. अट एकच, की तिच्यासाठी बस यावी. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या एस. टी. ची भाडेवाढ जवळजवळ पंधरा टक्क्यांची झाली, आणि गाड्या किती वाढल्या हे ज्याने त्याने आपल्या थांब्यावर उभे राहून पाहावे.

आणखी एक सावधगिरीची गोष्ट. सर्वच इंधनांना एका मापाने मोजू नये. स्वयंपाकाचा गॅस हेही भूगर्भातलेच इंधन. शुद्ध तर्काने त्यावरही धुराप्रमाणे कर बसेल. परंतु सिलिंडर महागला की आमच्या परिचयातील बायका पुन्हा वेड्या बाभळीचे सरपण गोळा करू लागतात, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. २०१६ च्या उज्ज्वला योजनेतून मिळालेली शेगडी कोपऱ्यात, वर फडके टाकलेली. आणि चूल पेटलेली. त्या चुलीचा धूर आकाशात जाण्याआधी एका स्त्रीच्या छातीत जातो. तेथे कराचा आग्रह धरणे हे तर्काला धरून असेल, न्यायाला धरून नाही. सूट द्यावयाची तर येथे द्यावी. तीही सरसकट नव्हे, कारण शहरातील सधन घरालाही तोच सिलिंडर जातो.

मग काय करावे असे आम्ही म्हणतो? आम्ही काही वित्तमंत्री नव्हे. पण धर्मगुरूला कबुलीघरात बसून एक गोष्ट शिकावयास मिळते: झाकलेली गोष्ट, ती चांगली असली तरी, संशय उत्पन्न करते. घरी येणाऱ्या विजेच्या बिलावर स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क अशा ओळी असतात. कोणी वाचत नसेल, पण असतात. पंपावरच्या पावतीवर लिटर, दर आणि रक्कम. शंभर रुपयांत केंद्राचे किती, राज्याचे किती, आणि त्यांतले कोणत्या कामाला, हे लिहिलेले नसते. ते लिहावे. 'उघडपणे' ह्या शब्दाचा आमच्या मते हा अगदी पहिला आणि स्वस्त अर्थ आहे. दुसरे, कोळशावरचा कर धुराच्या मापाने पुन्हा बसावा, हळूहळू वाढावा, आणि यंत्रमागवाल्याला व लहान ग्राहकाला त्याची भरपाई थेट मिळावी. तिसरे, सीमेवरील राज्यांनी डिझेलच्या करात एकमेकांशी बोलावे. दोन शेजारणी भांडतात तेव्हा पाण्याचा हंडा तरी रिकामा फिरवीत नाहीत.

शेतकऱ्यांसाठी 'मागेल त्याला सौर कृषीपंप' ही योजना राज्याने २०२४ पासून चालू केली आहे. सर्वसाधारण शेतकऱ्याने पंपाच्या किमतीच्या दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरावयाचे. डिझेल इंजिन विहिरीवर ठेवून ज्याने वीस वर्षे कर भरला, त्याच्या शेतात हा पंप बसतो तेव्हा सूर्याने शोषलेले काही तरी परत आले असे म्हणता येईल. ह्या योजनेला लागणारा पैसा इंधनाच्या कराशी नावानिशी जोडला असता, तर पंपावर पैसे मोजणाऱ्या हाताला तो इतका कडू लागला नसता, असे आम्हांस वाटते. कदाचित हा आमचा भाबडेपणा असेल. कोळशाच्या निधीचा इतिहास वर सांगितलाच आहे.

आणि आमच्या स्वतःच्या त्या दोन फेऱ्या? मोटारसायकलीच्या टाकीत दहा लिटर मावते. एका वेळी नव्वद रुपये वाचले. त्यांतले निम्मे जाण्यायेण्यात जळले असतील. पाप नव्हते ते. पण दुष्काळाच्या अधिभाराचे ज्याने व्यासपीठावरून समर्थन केले, त्यानेच संधी मिळताच सीमा ओलांडली, हे आम्हांस लपवता येत नाही. कर न्याय्य नाही म्हणून आम्ही गेलो नव्हतो. स्वस्त मिळाले म्हणून गेलो होतो. सरकार आणि प्रजा दोघेही ह्या बाबतीत एकाच टाकीतले आहेत.

एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटकाने डिझेलवरील विक्रीकर पुन्हा वाढवला आणि दोन राज्यांतील डिझेलचे अंतर जवळजवळ मिटले. त्या जूनमध्ये आम्ही मैंदर्गीच्या रस्त्याकडेला चहा घेत असता तोच टेम्पो येऊन थांबला. तो आता अलीकडेच डिझेल भरतो. आम्ही त्याला साडेतीन वर्षांपूर्वीच्या त्याच्या प्रश्नाची आठवण दिली आणि म्हणालो, "तेव्हा मी अर्धेच उत्तर दिले होते. मीसुद्धा तिकडे जाऊन भरत होतो रे."

"म्हाईत हाय की, फादर," तो म्हणाला, "म्या बघितलं हुतं तुमाला."

मग त्याने खिशातून पंपाची पावती काढून विचारले, ह्यात सरकारचे किती? आम्ही पावतीच्या पाठीवर केंद्राचे १७ रुपये ८० पैसे मांडले, आणि राज्याच्या एकवीस टक्क्यांचा हिशेब करू लागलो. तो कशावर धरावयाचा येथे आम्ही अडलो. मागे पोत्यांवर बसलेली माणसे हाका मारू लागली होती. "ऱ्हाऊ द्या, फादर," म्हणून त्याने पावती परत घेतली आणि टेम्पो दुधनीकडे वळवला.